मागं ठेवलेलं

रेहेमानं ताट अलगद पुढे सरकवलं आणि हात मांडीवर घेतला, तेव्हा ताटात जवळजवळ अर्धं जेवण तसंच होतं. ते आधी सुकन्याच्या आईच्या लक्षात आलं. तिच्या हातात रश्श्याची वाटी होती. तिनं ती परत पातेल्यात रिकामी केली आणि स्वयंपाकघराकडे वळली. सकाळपासून ती आणि आत्या मासवडीच्या मागे होत्या. तीळ भाजा, खोबरं भाजा, बेसन घाटा, ओल्या फडक्यावर थापा, आत सारण भरून वळा. सावेडीतल्या या फ्लॅटमध्ये मासवडी होते ती कुणी फार जवळचं यायचं असलं तरच, आणि आफ्रिकेतून आलेल्या या एकोणीस वर्षांच्या मुलीला तर सुकन्या सोडून सगळे आज पहिल्यांदाच पाहत होते. रेहेमाच्या आईच्या घरात सुकन्या स्वयंसेवक म्हणून राहिली होती, जेवली होती, एवढंच नातं. पण तेवढं पुरेसं आहे असं सुकन्याच्या आईनंच ठरवलं होतं. रेहेमा पुण्याला नर्सिंगला आल्याचं कळल्यापासून ती सुकन्याच्या मागे लागली होती, की त्या पोरीला एक रविवार नगरला आण, त्यांनी तुझं एवढं केलं.

आत्या जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. तिला ताटातलं दिसत नव्हतं, आईची पाठ दिसत होती, आणि तेवढ्यावरून ती ओळखायची. तिनं मान उंच करून टेबलावर पाहिलं. "आवाडलं न्हाई व्हय तिला?" ती म्हणाली. "आमच्यात पानात टाकत न्हाईत म्हनावं." आणि सुकन्याकडे पाहत राहिली, कारण या घरात ते दुसऱ्या भाषेत सांगू शकणारी ती एकटीच होती. रेहेमाही तिच्याकडे पाहत होती, हसऱ्या चेहऱ्यानं, आत्या काहीतरी कौतुकाचं बोलली असणार अशा खात्रीनं. सुकन्यानं तिला सांगितलं, आत्या म्हणतेय की तू फार छान जेवलीस. आणि आत्याला सांगितलं की तिला आवडलंय, पण तिखट लागतंय. दोन वाक्यं, दोन्ही खोटी. ती इतक्या सहज तोंडून निघाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

खरं म्हणजे ते ताट तिला आधीच खटकलं होतं. न आवडलेलं जेवण असं दिसत नाही. न आवडलेलं जेवण चिवडलेलं असतं, कडेला ढकललेलं असतं, एखादा घास चावून परत ठेवलेला असतो. हे ताट वेगळं होतं. भाकरी सरळ मोडून अर्धी बाजूला ठेवलेली, तिला रश्श्याचा डागही नव्हता. भाताला मधोमध जणू बांध घातलेला, एका बाजूला जेवलेलं, दुसऱ्या बाजूला हातही न लागलेलं. आणि मासवडीच्या वड्यांतल्या कडेच्या तुटक्या होत्या त्या रेहेमानं खाल्ल्या होत्या, मधल्या भरल्या होत्या त्या ठेवल्या होत्या. याला टाकणं म्हणत नाहीत. ही वाटणी होती. सुकन्या दिवसभर एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासायची. नमुना कसा घेतात, सारखे भाग कसे करतात, हे तिला झोपेतही कळलं असतं. हे ताट कुणीतरी, कुणासाठीतरी, नीट भाग करून ठेवलं होतं.

तिनं रेहेमाला हळूच विचारलं, हे कुणासाठी? रेहेमाला प्रश्नच कळला नाही. "मागच्यांसाठी," ती म्हणाली. मग तिनं आईकडे आणि आत्याकडे हनुवटीनं खूण केली. "या दोघी जेवल्या नाहीत अजून. आणि लहान मुलं?" तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दाराला पडदा होता, आत कुणीच नव्हतं. आईनं दिवाळीत घेतलेला, निळ्या फुलांचा. "मुलं आत आहेत ना?"

कोंडोआच्या त्या घरातही दाराला पडदाच होता. पिवळा, काळ्या किनारीचा, धुऊन धुऊन विटलेला. टांझानियाच्या मधोमध, कोरड्या डोंगरांच्या पायथ्याशी ते गाव. पहिल्या दिवशी बसमधून उतरताना सुकन्याला वाटलं होतं, ही तर पाथर्डीच्या पुढची जमीन आहे, तीच तांबूस माती, त्याच बाभळी. तीन वर्षांपूर्वी तिचं बीएस्सी नुकतंच झालं होतं. एका संस्थेतर्फे ती पाच वर्षांखालच्या मुलांचं पोषण तपासायला गेली होती. संस्थेनं तिची राहायची सोय मामा रेहेमाकडे केली. तिथं मामा म्हणजे आई, आणि तिला मोठ्या मुलीच्या नावानं हाक मारतात, म्हणून रेहेमाची आई ती मामा रेहेमा. हे फोनवर ऐकून आत्याला हसू आवरलं नव्हतं. बाईला मामा म्हनत्यात, मंग मामाला काय म्हनत्यात? आणि थोरल्या बहिणीला तिथं दादा म्हणतात हे कळल्यावर तर तिला ठसकाच लागला. रेहेमा अजूनही तिला दादा सुका म्हणायची. आज दारात उभी राहून तशीच हाक मारली, तेव्हा आत्या आतून तिला म्हणाली, आला गं तुझा दादा. ही हाक सुकन्यानं मोठ्या अभिमानानं मिरवली होती. नगरच्या कॉलेजांत तिला तिथल्या अनुभवावर बोलायला बोलवायचे, तेव्हा ती तिथूनच सुरुवात करायची.

त्या घरात पाहुणा आधी जेवायचा, एकटा, बाहेरच्या खोलीत चटईवर. त्याचं सुकन्याला काही वाटलं नाही, आपल्याकडेही पाहुण्याला आधी वाढतातच. उगालीचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा पांढरा गोळा, शिजवलेली पालेभाजी, कधी घेवड्याचे दाणे. ती खाली मान घालून सगळं संपवायची, शेवटचा कण बोटानं पुसून. हे तिला शिकवलं होतं आत्यानं. लहानपणी सुट्टीत तिसगावला गेलं की आत्या शेजारी बसायची आणि ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठू द्यायची नाही. स्वतः तर ती ताटात घोटभर पाणी घालून, बोटानं फिरवून ते पिऊन टाकायची. परक्या देशात, गरिबाच्या घरात, ताटात काही टाकणं म्हणजे त्यांच्या कष्टांचा अपमान, असं सुकन्याला मनापासून वाटत होतं. मग रिकामं ताट घेऊन ती स्वतःच मागच्या अंगणात जायची, स्वतःच घासायची. मामा रेहेमा चुलीपाशी बसून तिच्या हातातल्या ताटाकडे बघायची. त्या बघण्यात माया आहे असं सुकन्याला वाटायचं. आणि दुसऱ्या दिवशी उगालीचा गोळा किंचित मोठा असायचा. तो संपवणं जड जायचं, तरी ती संपवायची. आणखी काही दिवसांनी तो आणखी मोठा. एकदा गंमत म्हणून ती मुलांच्या वजनकाट्यावर उभी राहिली होती आणि काटा पाहून गावातल्या बायकांबरोबर हसली होती. तिचं वजन तिथं वाढलं होतं. ज्या गावात ती हडकुळे दंड मोजत फिरत होती, त्या गावात.

प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीचं उत्तर पुढच्या फेरीचा प्रश्न होऊन परत येतं, अशा साखळ्या तिनं पुस्तकात कितीदा वाचल्या होत्या, परीक्षेत आकृती काढून दाखवल्या होत्या. रिकामं ताट, म्हणून मोठा गोळा, म्हणून पुन्हा रिकामं ताट, या साखळीतली एक कडी ती स्वतःच होती हे तिला दिसलं नव्हतं. पडद्यामागं ताटलीचा, पळीचा आवाज यायचा. भांड्याचं बूड खरवडल्याचा. ती समजायची, आत ते लोक जेवतायत. दुसऱ्याच्या चुलीत डोकावू नये हेही तिला शिकवलेलंच होतं, म्हणून ती कधी पडदा सारून गेली नाही. निरीक्षण करायला आलेल्या मुलीनं फक्त एवढंच पाहिलं नाही.

आणि अंडं. अंड्याची गोष्ट आठवताच सुकन्यानं टेबलाची कड धरली. रेहेमाची धाकटी बहीण जुहूरा तेव्हा चारेक वर्षांची होती. मुलांच्या दंडाचा घेर मोजायची एक पट्टी असते, हिरवी, पिवळी, लाल. जुहूराचा दंड पिवळ्यात आला, म्हणजे कुपोषणाकडे झुकलेला. सुकन्यानं दारातच मामा रेहेमाला बसवून घेऊन चित्रांची कार्डं दाखवली, घेवडा, दूध, अंडं. मोडक्यातोडक्या स्वाहिलीत समजावलं, की मुलीला हे हवं, आताच हवं, नंतर देऊन उपयोग नाही. मामा रेहेमानं मान हलवून सगळं ऐकलं. दुसऱ्या संध्याकाळी ताटात उगालीशेजारी एक अंडं होतं. उकडून सोललेलं, वर मीठ. सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपलं कुणीतरी ऐकलं म्हणून. आत मुलीलाही दिलं असणारच. तिनं ते अंडं खाल्लं, सगळं. पुढं ही गोष्ट तिनं कितीतरी सभागृहांत सांगितली. मी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या घरात अंडं शिजलं. इथं ती थोडी थांबायची, आणि टाळ्या यायच्या.

"पोरगी काय म्हनली?" आत्यानं विचारलं.

सुकन्या भानावर आली. आई ताट उचलायला आली होती आणि रेहेमा तिला हातानंच सांगत होती, ठेवा, तुम्ही खा. आई गोंधळली होती. पाहुण्याचं उष्टं यजमानीण खाणार? सुकन्यानं यावेळी खरं सांगितलं, तिला आत्ताच उमगलेलं. त्यांच्या घरात पाहुण्यानं पोट भरलं की निम्मं मागं ठेवायचं असतं. मग ते आतल्यांना मिळतं, आधी लहान मुलांना. पाहुण्याला म्हणूनच जास्त वाढतात. आईचा चेहरा एकदम सैल झाला, ती हसली, रेहेमाच्या गालावरून तिनं हात फिरवला. तिच्यापुरता प्रश्न संपला होता. आत्या मात्र हसली नाही. गुडघ्यावर हात ठेवून ती काही जुळवत राहिल्यासारखी बसली.

"अन् तू?" ती म्हणाली. "तू तिथं काय करत हुतीस?"

सुकन्या टेबलावरचे पेले गोळा करू लागली. आत्या पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली आणि मग स्वतःशीच म्हणाली, मीच शिकवलं की तुला.

रेहेमाला स्वयंपाकघर बघायचं होतं. ती ओट्यापाशी उभी राहून सगळीकडे पाहत होती. आईचे स्टीलचे डबे, उंचीनं लावलेले. तिसगावहून आलेलं बाजरीचं पोतं. शिंकाळ्यात कांदे. आईनं तिला दाखवायला म्हणून फ्रिज उघडला आणि ती त्या थंड उजेडात दूध, अंडी, लोणी, कालची आमटी, अर्धं कलिंगड हे सगळं सावकाश बघत राहिली. अंड्यांचा पूर्ण ट्रे होता. सुकन्याला वाटलं, पुढं होऊन दार लावून टाकावं. रेहेमानं वळून तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर खरोखरचा आनंद होता.

"कधीपासून बरं झालं?" तिनं विचारलं.

काय बरं झालं? सुकन्या म्हणाली. मग रेहेमानं सांगितलं. हसत सांगितलं, घरातली जुनी गंमत सांगावी तसं, फ्रिजच्या दाराला टेकून, अर्धं इंग्रजीत, अर्धं स्वाहिलीत. तू आलीस तेव्हा पहिल्याच रात्री सगळं संपवलंस. मामा म्हणाली, लांबून आलीय, भूक लागली असेल. दुसऱ्या दिवशीही संपवलंस, बोटं चाटलीस. मग मामानं आम्हाला बसवून सांगितलं, की ही जिथून आलीय तिथं लोक उपाशी आहेत. नाहीतर कुठली आई आपली मुलगी इतक्या लांब पाठवेल? तिच्या ताटाकडे बघायचं नाही, ती जेवताना बाहेर जायचं नाही, तिला लाज वाटेल. शेजारच्या बायकांनाही मामानं सांगितलं. त्या घेवडा आणून द्यायच्या ना, तो तुझ्यासाठी. सगळ्या गल्लीला तुझी काळजी होती.

तो घेवडा सुकन्याला आठवत होता. ओच्यातून आणलेला, मूठ मूठ. त्याच्यावरही तिच्या भाषणात एक वाक्य होतं, सारं गाव स्वागताला आलं होतं असं. ते गाव तिला मदत करत होतं. तिच्या गळ्यात संस्थेचं ओळखपत्र होतं, पिशवीत वजनकाटा होता, आणि त्या बायका आपल्या चुलीतलं मूठभर काढून त्या उपाशी मुलीला आणून देत होत्या. तोंडात मिठाची चव आली, त्या अंड्यावरच्या मिठाची, इतकी स्पष्ट की तिनं थुंकी गिळली. आणि जुहूरा? तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला. बरी आहे, शाळेत जाते, रेहेमा म्हणाली. खूप बोलते. छोटीच राहिली जरा. आणि तिनं हात कमरेच्या जरासा वर धरून उंची दाखवली.

सुकन्यानं त्या हाताकडे पाहिलं. सात वर्षांच्या मुलीची उंची किती असावी याचा आलेख तिला पाठ होता. त्या वयात चुकलेली उंची सहसा भरून येत नाही, हेही. एका माणसाच्या काही महिन्यांच्या जेवणानं एवढं होत नाही, तिच्या आतलं कुणीतरी लगेच म्हणालं. पाणी असतं, जंत असतात, दुष्काळ असतो, आईबापांची उंची असते. सगळं बरोबर होतं. एकच कारण म्हणून बोट दाखवता येत नाही. पण कारणांच्या त्या रांगेत ती उभी होती, ताट हातात घेऊन, आणि तिला त्या रांगेतून कुणी काढू शकत नव्हतं.

रेहेमाचा फोन वाजला. तिनं पडद्यावर पाहिलं आणि लगेच उचलला नाही. तिचं हसू ओसरलं होतं. ती काही लहान नव्हती. स्टीलचे डबे नवे नव्हते, फ्रिजच्या दाराला वर्षांचा पिवळटपणा होता, भिंतीवर सुकन्याचा शाळेतला फोटो होता, त्यात ती गुबगुबीत होती. हे सगळं तिनं पाहिलेलं होतं. "मामा आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "ती आधी हेच विचारेल, की त्यांच्याकडे आता खायला आहे का. काय सांगू? की तूच सांगतेस?"

फोन वाजत राहिला. खरं सांगायचं तर एक वाक्य पुरे होतं. मी कधीच उपाशी नव्हते, आमच्यात तशी पद्धत आहे. खरं, अचूक, आणि ते सांगितलं की सुकन्याचं ओझं थोडं हलकं झालं असतं. माफी मागता आली असती, रडता आलं असतं. आणि पलीकडं कोंडोआत एका बाईला कळलं असतं, की तिनं आपल्या पोरीच्या तोंडचं काढून दिलं ते एका भरल्या पोटाला. अंडंसुद्धा. खोटं सांगायचं तर मग ती उपाशी मुलगी होऊन जन्मभर राहावं लागणार होतं, त्या गल्लीत, त्या बायकांत. सुकन्याला कळेना की यातलं कुठलं ती स्वतःसाठी करील आणि कुठलं त्यांच्यासाठी. दारात आत्या येऊन उभी राहिली होती, चौकट धरून. सुकन्या तिच्याकडे पाहत राहिली. त्या वाकड्या नखांकडे. बहात्तरच्या दुष्काळात आत्या बारा वर्षांची होती, तिसगावच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. तिथं मजुरांना खायला मिळायची ती सुकडी ओच्यात बांधून घरी आणायची आणि चार भावंडांत वाटायची, त्यातला सर्वांत धाकटा म्हणजे सुकन्याचे वडील. ताटात पाणी घालून पिणं तेव्हाचं. सुकन्यानं ते नुसतं वळण म्हणून उचललं होतं.

तिनं फोन घेतला. मामा रेहेमा पडद्यात फार जवळ होती, कपाळ आणि एक डोळा, मग हसणारं तोंड. मागं कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या. बिंटी, ती म्हणाली, म्हणजे लेकी. आई कशी आहे, वडील कसे आहेत, पाऊस झाला का, सगळं क्रमानं विचारलं. आणि मग आवाज खाली आणून, जवळ कुणी ऐकत असेल तर त्याला कळू नये अशा बेतानं, तिनं तो प्रश्न विचारला. घरात खायला आहे ना?

"आता आहे, मामा," सुकन्या म्हणाली. "आता खूप आहे."

मामा रेहेमानं डोळे मिटून देवाचे आभार मानले, मान फिरवून मागच्या कुणाला तरी ती बातमी सांगितली, आणि तिकडून दोनतीन बायकांचा आनंदाचा कलकलाट आला. मग एक लहान चेहरा तिच्या खांद्यावरून डोकावला आणि एक हात वर झाला, हलला, खाली गेला. सुकन्याची नजर त्या दंडावर गेली. पडद्यावर काही मोजता येत नाही. मामा रेहेमा परत जवळ आली होती. ती सुकन्याकडे काही क्षण नुसतीच पाहत राहिली, चुलीपाशी बसून त्या रिकाम्या ताटाकडे पाहायची तशी, आणि मग एक लहानसं वाक्य म्हणाली. रागानं नाही. मुलीला सासरी पाठवताना काही सांगावं तशा आवाजात. सुकन्या कधीच उपाशी नव्हती हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, ते त्या आवाजावरून सांगता येत नव्हतं. मग संपर्क तुटला.

"काय म्हनली गं ती बाई?" आत्यानं विचारलं.

टेबलावर रेहेमाचं ताट अजून तसंच होतं, आईनं त्यावर दुसरं ताट झाकलं होतं. सुकन्यानं दिवसभरात पहिल्यांदाच शब्दाला शब्द ठेवून सांगितलं.

"म्हणाल्या, आता आहे ना? मग आता थोडं मागं ठेवत जा."